मागची बाजू

पहिला प्रश्न होता : घरात माणसं किती.
वार्सिनी म्हणाली, आत्ता, की पाणी येतं तेव्हा?
ती शिंपले सोलत होती. हिरव्या पाठीचे, उकडलेले,
अंगठ्याच्या झटक्यात एक
आणि टरफल मागे, न बघता, ढिगावर.

हे जकार्ताचं उत्तर टोक. भिंतीच्या अलीकडचं.
इथे रस्त्यात उभं राहिलं
की होड्यांची नाकं दिसतात, आपल्या डोक्याच्या वर.
भिंतीला घाम येतो.
इंजिनियरही त्याला घामच म्हणतो.
गल्लीतली माणसं बोट लावून चव घेतात नि सांगतात :
खारट.

रकाना सात : जमिनीपासून छताची उंची.
मी टेप धरला. एकशे एकाहत्तर.
"लग्न होऊन आले तेव्हा चार्किम
टाचा उंचावून दिवा लावायचा.
मग एकदा भर घातली. मग परत.
सगळी ह्याचीच."
तिनं मान मागे, ढिगाकडे वळवली.
म्हणजे वीस वर्षं सोललेलं सगळं
माझ्या बुटांखाली होतं,
आणि वर पातळ सिमेंट,
जिथे कोंबडीचा एक पाय उमटून वाळलेला.

रकाना नऊ : बाहेर पडायला कुणाला मदत लागते का?
होय किंवा नाही.
नाही, ती म्हणाली.
दोन शिंपले झाल्यावर म्हणाली, रासिदी.

रासिदी शेजारचा. डावी बाजू गेलेली.
तो ह्या घरातला नाही.
ओळखपत्रावर इंद्रमायूचा पत्ता,
म्हणून कागदोपत्री त्या घरातलाही नाही.
तांदूळ वाटतात तेव्हा त्याचं नाव पुकारत नाहीत.
पाणी काही यादी बघून येत नाही.
गेल्या फेब्रुवारीत रात्री दोनला आलं.
पंपाचं डिझेल संपलं होतं,
की विकलं होतं, ह्यावर गल्लीत अजून भांडण आहे.
चार बायकांनी रासिदीला पिंपात बसवलं,
शिंपले धुवायच्या, निळ्या, अर्ध्या कापलेल्या,
आणि छातीभर पाण्यातून ढकलत नेलं.
शरमेनं त्यानं डोळे मिटून घेतले होते.
मशिदीच्या पायऱ्या येईपर्यंत एकच म्हणत होता,
माझी चप्पल राहिली, माझी चप्पल.
उजवी.
डावी तो घालत नाही.

मग काय लिहू? मी विचारलं.
"चार बायका लिही."
तसा रकाना नव्हता.
मी "नाही"वर खूण केली, मग खोडली, मग
पुढच्या पानावर गेले.

इतक्यात तार्मिन आला शाळेतून.
दारात वाकला, न बघता,
जशी त्याची आई टरफल टाकते तसा.
"जरा टेप दे तुझा," वार्सिनी म्हणाली.
हात परकराला पुसले. पोराला भिंतीशी उभं केलं.
एकशे चव्वेचाळीस.

"हा वर्षाला तीन बोटं वाढतो.
जमीन बसते, आम्ही तिला उचलतो,
ती धर दोन बोटं.
छत आहे तिथेच आहे.
तू शिकलेली आहेस. सांग,
कुठल्या वर्षी?"

मी आकडे मांडले. बोटांचे सेंटिमीटर केले.
उत्तर आलं, ते आवडलं नाही,
म्हणून पुन्हा मांडले.
तार्मिन माझ्या खांद्यावरून बघत होता.
"मी बसून राहीन ना," तो म्हणाला,
"तसंही अभ्यास बसूनच करतो."
वार्सिनी काही बोलली नाही.
टरफल पडल्याचा आवाज. आणखी एक.

निघताना चौकट कपाळावर आदळली.
ती हसली, पहिल्यांदाच, आणि बर्फाचा खडा दिला,
शिंपल्यांच्या पेटीतला, वास येणारा.
"पुढच्या वेळी येशील," म्हणाली, "तेव्हा अजून वाक."

ऑफिसात फॉर्म मशीनमधून गेले, दोनशे बारा.
तो हिशोब मागच्या बाजूला आहे, पेन्सिलीनं.
मागची बाजू
स्कॅन करत नाहीत.